बगळ्याचा रंग

आमचं दुकान आष्टीला बाजारओळीत आहे, हार्डवेअर आणि रंगाचं. आजोबांनी इथे खिळे-कोयंडे विकले, वडिलांनी पंपाचे पाइप विकले, आणि माझ्या वाट्याला रंग आले. रंगाच्या गिऱ्हाइकाइतकं चिवट गिऱ्हाईक जगात दुसरं नसेल. त्याला डब्याआधी सल्ला हवा असतो, आणि घेतलेला सल्ला दुकानाची पायरी उतरेपर्यंतही त्याच्या डोक्यात टिकत नाही. वीस वर्षं गल्ल्यावर बसून मी तिरसट झालो, असं माझी बायको सुरभी म्हणते. तिनं एकदा तानबाजी काळबांड्यांना रंग विकून पाहावा, म्हणजे कळेल.

तानबाजी आष्टीपासून दोन कोसांवरच्या गावचे. वय सहासष्ट, अंगकाठी बारीक, आवाज मोठा. पाच एकर वावर, त्यात कपाशी आणि तूर, कडेनं थोडी संत्र्याची झाडं. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे ते शिंगांसाठी. पोळ्याच्या सकाळी अर्ध्या गावचे बैल त्यांच्या अंगणात शिंगं रंगवून घ्यायला ओळीनं उभे राहतात. एक इंची ब्रश, डब्यातून निघेल तसा घट्ट रंग, आणि बैलानं कितीही मान झटकली तरी शिंग न सोडणारा हात. अर्धं निळं, अर्धं लाल. ओघळ बैलाच्या कपाळावर येतात, तानबाजींच्या सदऱ्यावर येतात, जवळ उभ्या माणसाच्या टोपीवरही येतात, आणि कोणाची तक्रार नसते. "रंग कसा, भरून लावला पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. "कंजुषीनं बैल सजत नाई." दर पोळ्याला ते तोच सदरा घालतात. त्याचा मूळचा रंग कोणता, हे आता मंदाबाईंनाही आठवत नाही.

मंदाबाई त्यांच्या पत्नी. लग्नात त्यांना माहेराहून एक गाय आंदण मिळाली होती, गवळाऊ. ही आमच्याच भागातली जात. लांबट तोंडाची, उंच, पांढरी, आणि चालायला अशी चपळ की शेताच्या धुऱ्यावरून निघाली तर माणूस हातातलं काम सोडून बघत राहतो. त्या गाईच्या वंशातला शेवटचा बैल म्हणजे बगळ्या. एकोणीस वर्षं जगला, त्यातली शेवटची चार वर्षं त्यानं नुसतं बसून खाल्लं. दोन वर्षांमागे मंदाबाईंच्या हातचा घास खाऊन शांतपणे गेला. असं मरण माणसालाही मिळत नाही, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. तरी मंदाबाई आठ दिवस नीट जेवल्या नाहीत.

त्यानंतर गोठ्यात बैल आलाच नाही. मुलगा योगेंद्र वर्ध्याला नोकरी करतो, नालवाडीत राहतो. त्यानं एक जुना ट्रॅक्टर घेऊन दिला. दुधासाठी म्हैस तेवढी राहिली. शेतीचं काम भागलं, अडलं ते भलतीकडेच.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदमळण असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, तिथले केस जातात. त्या घट्ट्याला लोणी आणि हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी तो घरचा पाहुणा. काळबांड्यांकडे हे काम पंचेचाळीस वर्षं मंदाबाईंचं होतं. बगळ्या गेल्यावर दोन पोळे झाले, त्यांनी लोण्याची वाटी काढली नाही. त्या सांजेला आतल्या खोलीत चाळलेलं पीठ पुन्हा चाळत बसायच्या. "ट्रॅक्टरलेच आवतण दे ना, आई," असं योगेंद्र एकदा गमतीनं म्हणाला. मंदाबाई म्हणाल्या, "तो डिझल पेते. त्याच्या टाकीत का पुरणपोळी टाकू?" सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

यंदा आखाडीची पौर्णिमा होऊन चार दिवस झाले असतील. बाजाराच्या दिवशी तानबाजी दुकानात आले, गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिले, आणि मग पिशवीतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. लाकडाचा बैल होता.

लाकडी बैलाचं आम्हाला अप्रूप नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं चाकावरचे लाकडी बैल ओढत गावभर फिरतात. ते सगळे एका साच्यातले, छाती काढून उभे. हा तसा नव्हता. हा मागच्या डाव्या पायावर भार कमी देऊन उभा होता. उजवं शिंग टोकाला झिजलेलं. वशिंड किंचित एका बाजूला कललेलं, आणि मान अशी वळवलेली की जणू कोणी मागून हाक मारली. उंची सगळी मिळून सहा बोटं.

"वितीले बोट," तानबाजी म्हणाले. "त्याची झूल शिवाले, तोंडाची मोरकी कराले मी मापं घेतलती. दोरीवर गाठी मारून ठेवल्या होत्या, त्या तशाच होत्या खुंटीले. जिथं त्याची एक वीत, तिथं याचं एक बोट. कान, खुरं, शेपटी, सारं त्याच मापात."

"बगळ्या आहे?"

"तुमीच सांगा."

बगळ्याच होता. मी त्याला दहा पोळ्यांत पाहिलेला. शिवणीच्या झाडाच्या लाकडातून चार महिने कोरला होता, गोठ्यात बसून, बायकोपासून लपवून. मग तानबाजींनी आवाज खाली आणला, जे त्यांना सहसा जमत नाही. "सेठ, यंदा तिनं आवतण द्यावं, एवढंच आहे. पण मी सांगणार नाई का हा कोण आहे. रंगवून ओट्यावर ठेवीन. तिनं आपल्या मनानं ओयखला तं खरं. मी सांगून तिनं हो म्हटलं, तं ते मले खुश कराले होईन."

पोळ्याला सहा आठवडे होते. मी पांढऱ्या ऑइल पेंटचा लहान डबा काढून दिला. ही चूक माझी. दुकान गर्दीचं होतं, आणि तानबाजी म्हणजे शिंगांचा रंग, हे माझ्या हाताला पाठ झालेलं.

पुढच्या बाजाराला ते आले तेव्हा चेहरा पाहूनच मी समजलो. फडकं सोडलं. त्यांनी एक इंची ब्रशनं, भरून, एका दमात रंगवला होता. नाकपुड्या बुजल्या होत्या. खुरांमधल्या चिरा बुजल्या होत्या. पोटाखाली चार ओघळ वाळून लोंबत होते, आणि एक माशी त्यात कायमची राहायला आली होती.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"म्हणे, हा कोणाचा बैल मैद्यात पडला?"

मी हसलो. हसायला नको होतं, पण मंदाबाईंची जीभ तशीच आहे. तानबाजी रागावले नाहीत, फक्त बैलाची नाकपुडी नखानं कोरत बसले. चार महिन्यांचं कोरीवकाम एका सकाळीत त्यांनी स्वतःच्या हातानं पुरलं होतं. मला एकदम वाईट वाटलं. दुकानाच्या मागच्या पडवीत बसून आम्ही दोघांनी तो रंग उतरवला, थिनर लावून, सुईनं, पॉलिश पेपरच्या चिंध्यांनी. माशीसुद्धा निघाली.

मग मी वर्ध्याहून आणलेले चित्रकलेचे बारीक ब्रश काढले, पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिक रंग काढला, आणि गल्ल्यावर बसून कोणाला सांगत नाही एवढं त्यांना सांगितलं. "ब्रश अर्धाच बुडवायचा. मग फडक्याला पुसायचा. बैलाला हातात धरायचं नाही, पोटाखाली खिळा ठोकून तो खिळा धरायचा. आणि तानबाजी, हे डोक्यात ठेवा, एकदा ब्रश फिरवला की ओल्यावर परत हात फिरवायचा नाही. कसंही दिसलं तरी नाही."

"कसंही दिसलं तरी?"

"तरी."

"हे काई बरोबर नाई," ते म्हणाले, आणि ब्रश घेऊन गेले.

दुसऱ्या खेपेला नाकपुड्या शाबूत होत्या, पण अंगभर रेघाच रेघा. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "म्हणे, याच्या अंगावर वखर कोणं फिरवला?"

"परत हात फिरवलात ना?"

"आता लाकूड दिसून राह्यलं तं काय करू? डोळे मिटू?"

तेच. रंगाचा पहिला हात लावल्यावर आतलं लाकूड दिसतंच, दिसायलाच हवं, ते पुढच्या हातात झाकतं. पण आयुष्यभर एका हातात शिंग झाकलेल्या माणसाला हे पटणं म्हणजे कठीण. अर्धवट वाळलेल्या रंगावर त्यांनी तीन-तीनदा ब्रश ओढला होता, आणि तो रंग भाकरीच्या ओल्या पिठासारखा ब्रशला चिकटून निघाला होता.

या सुमारास सून रीता मधे पडली. ती नालवाडीहून फोनवर सासऱ्यांशी रोज बोलते आणि सासूपासून गुपित ठेवण्यात तिला भारी मजा वाटत होती. तिनं एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा देशातला एक दाढीवाला माणूस टाचणीएवढ्या ब्रशनं बोटभर रणगाडा रंगवत होता. तानबाजींनी तो अकरा वेळा पाहिला. भाषा कळत नव्हती, म्हणून रीतानं फोनवर सांगितलं, "बाबा, तो म्हणते का रंग दुधासारखा पातळ करा."

"हे पह्यलेच सांगायचं होतं," तानबाजी म्हणाले. "दूध मले समजते."

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "सेठ, त्या दाढीवाल्यानं फसवलं. दुधासारखा केला, तरी रेघा येतच राह्यल्या."

रविवार होता. मी मोटरसायकल काढली आणि थेट त्यांच्या गावी गेलो. मंदाबाई वावरात गेलेल्या होत्या. तानबाजींनी गोठ्यात एका वाटीत रंग कालवून ठेवला होता. ब्रश उभा केला तर तो उभाच राहिला.

"हे दूध?"

"हो. बरोबर जुळवून पाह्यलं."

"कोणत्या दुधाशी?"

ते मला चुलीशी घेऊन गेले. तिथे गोवऱ्यांच्या मंद धगीवर सकाळपासून मडकं बसलेलं. झाकण काढलं. म्हशीचं दूध, तापून तापून गुलाबी झालेलं, वर बोटभर साय. या घरात तीन पिढ्या दूध म्हणतात ते याला.

"तानबाजी," मी म्हणालो, "ही बासुंदी आहे."

"दूध आहे."

"त्या माणसानं असं दूध जन्मात पाहिलं नसेल!"

त्यांनी मडक्याकडे पाहिलं, मग वाटीकडे, आणि मग एवढ्या जोरात हसले की कोंबड्या उडाल्या. मला मागे बसवून स्वतः गाडी चालवत ते आष्टीला बसस्टँडवर आले. तिथल्या एका चहाच्या टपरीवरून आम्ही पेलाभर कच्चं दूध मागितलं. टपरीवाल्याला वाटलं कोणी तपासणीला आलंय. तानबाजींनी स्टीलच्या वाटीच्या आतल्या कडेला त्याचा थेंब सोडला. थेंब झरकन खाली गेला आणि मागे नुसती पातळ झिलई राहिली.

"हे?" तानबाजी.

"हे."

"असल्या दुधाचा रंग होते, चहा नाई होत," ते टपरीवाल्याच्या तोंडावर म्हणाले, आणि मी त्यांना ओढून बाहेर आणलं.

त्या पातळ रंगानं त्यांचा हात बसला. खरंच बसला. ब्रश बुडवून पुसायचे, वशिंडापासून खाली, केस जसे वळतात त्या बाजूनं एकच ओढ, आणि तिथून हात उचलायचे. बैलाला खरारा करताना आयुष्यभर हात ज्या दिशेनं गेला, त्याच दिशेनं तो आता आपसूक जायला लागला. एक हात लावला की टोपल्याखाली झाकून ठेवायचे, धूळ बसू नये म्हणून. वाट पाहणं त्यांना जड जायचं. एकदा त्यांनी तो उन्हात ठेवला, तर रंगाला बारीक फोड आले, पुन्हा घासावा लागला. पण तिसऱ्या खेपेचा बैल जेव्हा दुकानात आला तेव्हा मी चष्मा पुसला. कुठे रेघ नाही, ओघळ नाही. गुळगुळीत, पांढराशुभ्र. वीस वर्षांत मी एवढं साफ काम बंगल्याच्या दारावरही पाहिलं नव्हतं.

"आता काय म्हणाल्या?"

तानबाजी बाकावर बसले. "छान आहे म्हणे. हातात घेऊन पाह्यला. अन् इचारलं, कोणाचा आहे?"

 आधी त्या थट्टा तरी करत होत्या. आता त्यांनी कौतुक केलं होतं, परक्याच्या बैलाचं करतात तसं.

"राहू द्या सेठ," ते म्हणाले. "तान्ह्या पोळ्याले देऊन टाकतो कोणाच्या पोराले."

पोळ्याला बारा दिवस होते. मी त्यांना एकटं जाऊ दिलं नाही. आता हा माझाही बैल झाला होता, आणि पांढऱ्या रंगात मी आंधळा ठरलो याचा मला राग येत होता. आम्ही गाडीवरून निघालो. गावाच्या अलीकडे नाल्यावर त्यांचे शेजारी प्रभाकरराव आपली जोडी धूत होते. पांढरी गवळाऊ जोडी. बादलीनं पाणी मारलं, आणि तानबाजींनी मागून माझा खांदा एवढा जोरात दाबला की गाडी नाल्यात जायची राहिली.

"थांबवा! थांबवा! पाहा तिकडे!"

मी पाहिलं. बैल ओला झाला होता, बस.

"काळा आहे!" तानबाजी ओरडले. "सेठ, गवळाऊ आतून काळा असते! कातडी काळी, केस पांढरे! ओला झाला का आतलं काळं वर येते. डोळ्याच्या कडा, नाक, कानाच्या आत, सांध्यांत, सारीकडे ते काळं झाकलं तरी दिसते. अन् मी काय केलं? लाकडावर चुना फासला!"

प्रभाकरराव बादली हातात धरून बघत होते. "काऊन ओरडून राह्यला तानबा? जन्माचा बैल पाह्यला नाई का?"

"नाई पाह्यला," तानबाजी म्हणाले. "आज पाह्यला."

त्याच सांजेला त्यांनी तो सुंदर गुळगुळीत पांढरा बैल काळा करून टाकला. पुरता काळा. माझा जीव तुटला. मग त्या काळ्यावर रोज एक हात, टपरीच्या दुधाइतका पातळ पांढरा. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं रेघ मारायचे, एक हात झाला की एक रेघ. पहिल्या हाताला तो नुसता राखेत लोळल्यासारखा दिसला. मंदाबाईंनी टोपलं उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता म्हशीचं वघार आणलं का?" तानबाजींनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धास्ती नव्हती. "म्हणू दे. मले मालूम आहे आता आत काय आहे." चौथ्या हाताला धूर. सहाव्याला पहाटेचा उजेड. आठव्या हाताला त्यांनी ब्रश धुऊन ठेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "सेठ, सारं जमलं, पण तो आंधळा आहे. डोळे वाळलेले दिसतात. काई करता येईन का?"

करता येण्यासारखं होतं. अंग असंच कोरडं राहू द्यायचं, आणि डोळ्याला, नाकाला तेवढा चमकणाऱ्या वार्निशचा एकेक थेंब. पण पोळ्याचा आदला दिवस म्हणजे आमच्या दुकानाचा वर्षातला सगळ्यात धंद्याचा दिवस. शिंगांच्या रंगासाठी गिऱ्हाइकांची रांग रस्त्यापर्यंत. संध्याकाळी पाचला मी सुरभीला गल्ल्यावर बसवलं आणि वार्निशची बाटली खिशात घातली. ती एवढंच म्हणाली, "जा. पण मग मले सांगजा मंदाबाई काय म्हणाल्या."

मी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गावात घरोघरी खांदमळण सुरू झाली होती. शेजारून प्रभाकररावांच्या घरच्यांचा आवाज येत होता, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. मंदाबाई आतल्या खोलीत होत्या. चाळणीचा आवाज येत होता.

तानबाजींनी ओट्यावर पाट ठेवला, पाटावर बैल ठेवला. मी वाकून पाहिला. तो पांढरा होता, पण त्या पांढऱ्याच्या आत कुठेतरी गडद होतं. मानेवर, वशिंडावर राखाडी सावली आपोआप उतरली होती. आणि खांद्यावर, जिथे जू बसतं तिथे, बोटाच्या नखाएवढी जागा त्यांनी पांढऱ्यानं झाकलीच नव्हती.

"हे राहिलं का?"

"राह्यलं नाई. तिथं त्याले केस नव्हते. हात तिथं गेलाच नाई माह्या."

त्यांनी सगळ्यात बारीक, शून्य नंबरचा ब्रश वार्निशमध्ये टेकवला, फडक्याला पुसला, श्वास रोखला, आणि एका डोळ्याला लावला. मग दुसऱ्याला. मग नाकाला. बैल आमच्याकडे बघायला लागला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

"अवं," तानबाजींनी हाक मारली.  "मुकेशसेठ आले. पाणी आण."

चाळणी थांबली. मंदाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. "या भाऊ. आज कसे आले? आज तं तुमच्या दुकानात..." आणि त्यांची नजर पाटावर गेली.

 त्यांनी तांब्या माझ्या हातात न देता खाली ठेवला. पाटाशी बसल्या. आधी त्या झिजलेल्या शिंगाला बोट लावलं, मग बोट खाली सरकत आलं आणि खांद्यावरच्या त्या काळ्या जागेवर थांबलं. तानबाजींनी ओट्याचा खांब धरला होता. शेजारी कोणाचा तरी बैल हंबरला.

"खांदा किती सोलला याचा," मंदाबाई म्हणाल्या. बैलालाच म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, कोणं पाह्यलं नाई बाप्पा तुह्याकडे."

आणि त्या उठून आत गेल्या.

मी तानबाजींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. आतून भांड्यांचा आवाज आला. मंदाबाई बाहेर आल्या त्या लोण्याची वाटी घेऊन, चिमटीत हळद. मी बघतच होतो, तोवर त्यांनी अंगठ्यानं लोणी उचललं, हळदीत टेकवलं, आणि त्या खांद्याकडे नेलं.

"वहिनी, रंग!" माझ्या तोंडून निघालं. आठ हात, बारा दिवस, वीस वर्षांचा रंगवाला मी. तानबाजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

मंदाबाईंनी खांदा चोळला. हलक्या हातानं, पण चांगला चोळला. पिवळा तेलकट डाग त्या पांढऱ्यावर पसरला, वशिंडापर्यंत गेला. मग त्या वाकल्या, त्या बारीक कानाशी तोंड नेलं, आणि म्हणाल्या, "बगळ्या, आज आवतण घे. उद्या जेवाले येजो."

मग मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, पदरानं नाक पुसलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चार वेळा कोणाचे कोणाचे बैल आणून ठेवले ओट्यावर. हा पह्यलेच आणला असता तं?"

तानबाजी मोठ्यानं हसले, आणि मग मीही हसलो, आणि प्रभाकरराव कुंपणावरून डोकावून विचारायला लागले काय झालं. त्या घरात त्या सांजेला उशिरापर्यंत पुरण शिजलं. दुसऱ्या दिवशी बगळ्यापुढे पुरणपोळीचं ताट होतं, आणि शिंगं रंगवलेली होती, निळी आणि लाल, शून्य नंबरच्या ब्रशनं. तानबाजींच्या अंगात तोच सदरा, पण त्यावर नवा एकही डाग नव्हता.

पोळा झाल्यावरच्या बाजाराला तानबाजी दुकानात आले. प्रभाकररावांना आपल्या जोडीचे लाकडी बैल हवे होते, दोरीवर मापं घेऊन झाली होती. मी तानबाजींना काळा रंग दिला, पांढरा दिला. मग राहवलं नाही म्हणून म्हणालो, "तानबाजी, तो हळदीचा डाग मी काढून देतो. साबणाच्या पाण्यानं जरा जरा निघेल, वरून एक पातळ हात मारला की कळणारही नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वीस वर्षं मी रंग विकला, पण शिकलो काहीच नाही.

"आठ हात माहे होते सेठ," ते म्हणाले. "नववा तिचा आहे. तुमीच सांगतलं होतं ना, एकदा लागला का त्याच्यावर परत हात फिरवायचा नाई?"